सैल प्रथिनांची पकड

गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घरी येतो. त्यात थोडं दूध, गूळ, वेलची आणि जायफळ घालायचं, डबा कुकरमध्ये ठेवायचा, शिटी काढून ठेवायची आणि वाफ द्यायची. झाकण उघडलं की सुरीनं वड्या पाडता येतील असा खरवस तयार असतो. त्याच गायीचं महिन्याभरानंतरचं दूध तासभर चुलीवर ठेवा. ते उतू जाईल, साय धरेल, आटून त्याची बासुंदी होईल. पण वड्या पडणार नाहीत.

हा फरक प्रथिनांचा आहे. चिकात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, भरपूर असतात. प्रतिपिंडाच्या रेणूत अमिनो आम्लांच्या साखळ्या नेमक्या घड्या घालून बसलेल्या असतात. उष्णतेनं घडी उलगडते, आत दडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडतात, एका रेणूचे भाग दुसऱ्यात अडकतात आणि जाळं तयार होतं. एरवीच्या गायीच्या दुधात मात्र सुमारे ८० टक्के प्रथिन केसिन असतं. केसिनच्या साखळीला पक्की घडी मुळातच नसते, त्यामुळे उकळलं तरी मोडायला काही नसतं.

घडी नाही म्हणून केसिनला काम नाही असं मात्र नाही. त्याच्या साखळीवर फॉस्फेट लागलेल्या सेरिन या अमिनो आम्लाचे पुंजके असतात. हे पुंजके कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण धरून ठेवतात. म्हणूनच दुधात इतकं कॅल्शियम असूनही त्याचा गाळ तळाशी बसत नाही आणि ते वासराच्या पोटात पोचतं. ज्याला स्वतःचा ठरलेला आकार नाही असं प्रथिन धरण्याचं काम इतकं चोख करतं.

अशा प्रथिनांना जीवशास्त्रात ‘इन्ट्रिन्सिकली डिसऑर्डर्ड प्रोटीन’ म्हणतात. प्रयोगशाळेतल्या बोलण्यात ‘आयडीपी’. या लेखात आपण त्यांना सैल प्रथिनं म्हणू. आकार नसलेलं प्रथिन आपला जोडीदार ओळखतं कसं, त्याला धरतं कसं आणि सोडतं कसं, या प्रश्नावर गेली तीस वर्षं झपाट्यानं काम झालं आहे. त्यातला पहिला भाग सर्वांत जास्त चर्चिला गेला. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं सार तिसऱ्या भागात, म्हणजे सोडण्यात आहे.

कुलूप-किल्लीचा वारसा

विकर आणि त्याचं लक्ष्य एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसतात, ही कल्पना एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. १९५८ मध्ये जॉन केंड्रू यांच्या गटानं मायोग्लोबिनचा पहिला त्रिमितीय आराखडा दाखवला आणि प्रथिनाला खरोखरच ठरलेला आकार असतो हे डोळ्यांना दिसलं. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये साखळीला कुठल्या कोनांत वळता येतं आणि कुठल्या नाही याचा नकाशा काढला. आजही प्रत्येक नवी रचना त्या नकाशावर तपासली जाते. क्रिश्चन अन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएझ उलगडून पुन्हा घडीत येऊ दिलं आणि अमिनो आम्लांचा क्रमच घडी ठरवतो हे सिद्ध केलं; त्यासाठी त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं. क्रमातून घडी आणि घडीतून काम, असं हे सूत्र. डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्येच सांगितलं होतं की कुलूपही किल्लीसाठी थोडं हलतं. पण हलण्यासाठी आधी घडी हवी, हे त्यांच्याही मांडणीत गृहीत होतं.

या सूत्रात न बसणाऱ्या गोष्टी बरीच वर्षं दिसत होत्या. स्फटिकांवरून काढलेल्या नकाशांत साखळीचे काही तुकडे सापडतच नसत. ‘हा भाग हलता आहे’ एवढीच नोंद होई. काही प्रथिनं शुद्ध करायला जिवाणूंचा रस सरळ उकळत: बाकी सगळं गोठून खाली बसे आणि हवं असलेलं प्रथिन वरच्या नितळ पाण्यात तसंच राही. दुधातल्या केसिनचाच हा प्रकार.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या गटानं पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या पी२१ या प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एनएमआर या चुंबकीय तंत्रानं पाहिलं तेव्हा मोकळ्या पी२१ ला घडी नव्हती. तरी ते आपलं काम उत्तम करत होतं, आणि सीडीके२ या जोडीदाराला भिडताच त्याला आकार येत होता. १९९९ मध्ये त्याच संस्थेतल्या पीटर राइट आणि जेन डायसन यांनी अशी उदाहरणं एकत्र मांडून रचना आणि काम यांच्या नात्याचा फेरविचार करायला हवा असं लिहिलं. कीथ डंकर आणि व्लादिमिर उव्हर्स्की यांनी सैलपणाची खूण साखळीच्या क्रमातच शोधली: पाणी टाळणारी अमिनो आम्लं कमी आणि विद्युतभार असलेली जास्त. आत दडण्यासारखं थोडंच असतं, वर सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, मग घडी बसणार कशी?

या खुणा वापरून २००४ मध्ये एक मोठी मोजदाद झाली. तीसपेक्षा जास्त अमिनो आम्लांचा सलग सैल पट्टा असलेली प्रथिनं आर्कियांत सुमारे २ टक्के, जिवाणूंत सुमारे ४ टक्के आणि केंद्रक असलेल्या सजीवांत सुमारे ३३ टक्के निघाली. पेशीत निरोपांची आणि नियंत्रणाची कामं जिथे वाढली, तिथेच सैलपणाही वाढला.

अशा प्रथिनांकडे पाहायला एनएमआरसारखं साधन नाही, पण तिथेही अडचण होती. घडी नसल्यामुळे सगळ्या अमिनो आम्लांचे संकेत एकाच ठिकाणी गर्दी करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रामकृष्ण होसूर आणि सहकाऱ्यांनी या गर्दीतून वाट काढणाऱ्या एनएमआर पद्धती विकसित केल्या. नायट्रोजनचे संकेत सैल साखळीतही पुरेसे पसरलेले राहतात. त्यांचाच धागा धरून एका अमिनो आम्लावरून शेजारच्यावर जायचं, ही त्यांची युक्ती.

आधी घडी की आधी पकड?

सैल साखळी जोडीदाराला भेटते तेव्हा दोन शक्यता असतात. साखळी सतत आकार बदलत असते. त्यातला एखादा क्षणिक आकार जोडीदाराला नेमका बसणारा असेल आणि जोडीदार तोच उचलेल. ही ‘आधी घडी, मग पकड’. किंवा साखळी सैल असतानाच चिकटेल आणि चिकटल्यावर जोडीदाराच्या अंगानं वळेल. ही ‘आधी पकड, मग घडी’.

या वादातलं सर्वांत जवळून तपासलेलं उदाहरण म्हणजे क्रेब. हे प्रथिन जनुकं चालू करतं. त्याच्या १३३ व्या जागेवरच्या सेरिनला फॉस्फेट लागलं की त्याचा एक सैल पट्टा सीबीपी या मोठ्या प्रथिनातल्या किक्स नावाच्या भागाला धरतो आणि काटकोनाच्या आसपास वळलेल्या दोन मळसूत्रांत घडी घेतो. २००७ मध्ये केंजी सुगासे, डायसन आणि राइट यांनी ही भेट टप्प्याटप्प्यानं टिपली. आधी साखळी किक्सवर कुठेतरी ढोबळपणे टेकते, मुख्यतः पाणी टाळणाऱ्या भागांच्या आधारानं. मग न सुटता मधल्या अवस्थेत येते, जिथे दुसरं मळसूत्र अर्धवटच झालेलं असतं. शेवटी ते पूर्ण होतं. इथे पकड आधी आणि घडी नंतर.

त्याच किक्सला सी-मिब नावाचं दुसरं प्रथिनही धरतं, पण त्याचा पट्टा मोकळा असतानाच बऱ्याच अंशी मळसूत्रात वळलेला असतो. म्हणजे जोडीदार एकच असला तरी येणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे वाट बदलते. केंब्रिजमध्ये जेन क्लार्क यांच्या गटानं प्यूमा या प्रथिनात मुद्दाम बदल करून त्याचा मोकळ्या अवस्थेतला मळसूत्रीपणा कमी केला. तरी जोडीदाराला भिडण्याचा वेग फारसा घटला नाही. आधीची घडी पकडीसाठी अटळ नाही, हे त्यातून ठरलं. काही वेळा तर दोन्ही बाजू सैल असतात: एसीटीआर आणि सीबीपीचा एनसीबीडी हा भाग एकमेकांना भेटूनच एकत्र घडीत येतात, हे २००२ मध्ये दिसलं. ‘हे की ते’ असा प्रश्न आता कोणी विचारत नाही. कुठल्या जोडीत कुठली वाट किती, एवढंच मोजलं जातं.

वेगाबद्दलही मत बदललं. २००० मध्ये शूमेकर, पोर्टमन आणि वोलिन्स यांनी मांडलं की सैल साखळी गळासारखी लांबवर पसरते, दूरच्या जोडीदाराला टोकानं पकडते आणि मग स्वतःला ओढून घेते. कल्पना मोहक आहे आणि अजून शिकवली जाते. पण पसरलेली साखळी पाण्यात हळू सरकते, आणि त्यात हा फायदा बराचसा खर्ची पडतो. नंतरच्या गणितांतून दिसलं की सैल साखळीचा खरा लाभ वेगळाच आहे: ती जोडीदारावर आपटल्यानंतर वाया जाणाऱ्या भेटी कमी असतात. घट्ट प्रथिनाला नेमक्या कोनात यावं लागतं. सैल साखळी जशी टेकेल तशी पुढे वळत जाते. उलट भार असलेले भाग तिला आधीच ओढून आणतात, ते वेगळं.

सैलपणाची किंमत

घडी घेताना साखळी आपलं मोकळेपण गमावते, आणि उष्मागतिकीच्या हिशेबात त्याची किंमत मोजावी लागते. जोडीदाराशी झालेल्या स्पर्शातून जी ऊर्जा मिळते त्यातून आधी हे देणं भागवायचं, उरेल तेवढी पकडीची ताकद. म्हणून लांबलचक, अगदी नेमका स्पर्श असूनही निव्वळ पकड बेताचीच राहू शकते. ओळख पक्की आणि पकड मध्यम, हे जमतं ते असं.

पेशीला ही मध्यम पकड खरोखर हवी असते का? याचं उत्तर पी५३ वरच्या २०१४ मधल्या एका प्रयोगानं दिलं. पी५३ हा कर्करोगापासून पेशीला राखणारा रेणू. त्याच्या टोकाचा सैल पट्टा एमडीएम२ या प्रथिनाच्या खोबणीत मळसूत्र होऊन बसतो. १९, २३ आणि २६ या जागांवरची तीन अमिनो आम्लं खोबणीत रुततात. एमडीएम२ नं असं धरलं की पी५३ चं काम थांबतं आणि पुढे त्याचा नाशही होतो. डीएनएला इजा झाली की ही पकड सुटायला हवी. संशोधकांनी २७ व्या जागेवरचं प्रोलिन बदलून तिथे अ‍ॅलनिन घातलं. प्रोलिन मळसूत्राला आडकाठी करतं. ते गेल्यावर मोकळा पट्टा आधीच जास्त वळलेला राहू लागला. घडीची किंमत घटली आणि एमडीएम२ ची पकड सुमारे दहापट घट्ट झाली. मग या बदललेल्या पी५३ च्या पेशींतल्या डीएनएला इजा केली. पी५३ ला जी जनुकं जागी करायची होती ती नीट जागी झाली नाहीत आणि पेशींनी विभाजन थांबवलं नाही.

साखळीतला एकच मणी बदलला होता, पकड सुधारली होती, आणि पेशीचं संरक्षण गेलं होतं. सैलपणाकडे उणीव म्हणून पाहणाऱ्या कुणीही हा प्रयोग पुन्हा पुन्हा आठवावा.

एक पट्टा, अनेक आकार

पी५३ च्या दुसऱ्या टोकाची गोष्टही तितकीच बोलकी आहे. त्या टोकाचा एकच छोटा सैल पट्टा चार जोडीदारांशी चार रूपांत बांधलेला सापडला आहे: एकाशी मळसूत्र, एकाशी पट्टीसारखा सरळ धागा, एकाशी नुसतं वळण आणि एकाशी कुठल्याच नावात न बसणारा आकार. घट्ट प्रथिनाला इतक्या जोडीदारांसाठी वेगवेगळे पृष्ठभाग लागले असते.

विषाणूंनी याचा फायदा उठवला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचं ई७ प्रथिन एका छोट्या सैल तुकड्यानं आपल्या पेशीतल्या आरबी या पहारेकऱ्याला धरतं. मोजक्या अमिनो आम्लांचा तुकडा पुरत असल्यानं तो उत्क्रांतीत सहज उगवतो, आणि इतका छोटा असूनही यजमान पेशीची यंत्रणा ताब्यात घेतो.

घडी न घेताच

या विषयातला सर्वांत मोठा धक्का नंतर आला. काही सैल प्रथिनं जोडीदाराला धरल्यावरही सैलच राहतात. २००८ मध्ये पीटर टोम्पा आणि मोनिका फुक्सराइटर यांनी अशा जोड्यांना ‘फझी’, म्हणजे धूसर, असं नाव दिलं.

यीस्टमधलं सिक१ हे त्याचं सुरेख उदाहरण. सिक१ पेशीविभाजन रोखून धरतं. त्यावर फॉस्फेट लागण्याच्या अनेक जागा आहेत आणि सीडीसी४ या जोडीदाराकडे फॉस्फेट धरणारी खोबण एकच. एकेका जागेची पकड दुबळी. पण पुरेशी फॉस्फेटं लागली की त्या जागा खोबणीत आळीपाळीनं येत-जात राहतात आणि एक सुटली की दुसरी हजर असते. २००१ मधल्या अभ्यासात सहा फॉस्फेटांचा उंबरठा दिसला. त्याच्या अलीकडे पकड जवळपास नाही, पलीकडे सिक१ नष्ट व्हायला निघतं. थोडं-थोडं वाढत जाणारं माप अशा रीतीनं ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरात बदलतं.

केंद्रकाच्या दारातही हेच चालतं. केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांत फिनाइलअ‍ॅलनिन आणि ग्लायसिन यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सैल साखळ्या दाटलेल्या असतात. माल वाहणारं प्रथिन या जोड्यांना क्षणभर चिकटत, लगेच सुटत पलीकडे जातं. साखळ्या तशाच सैल राहतात. हे स्पर्श पक्के असते तर दार तुंबलं असतं.

आणि मग २०१८. झुरिकच्या बेन शूलर आणि कोपनहेगनच्या बिर्थे क्रागेलुंद यांच्या गटांनी डीएनए बांधून ठेवणाऱ्या हिस्टोन एच१ आणि प्रोथायमोसिन अल्फा यांची जोडी अभ्यासली. एकावर निव्वळ भार +५३, दुसऱ्यावर -४४. पकड इतकी घट्ट की ती पिकोमोलर मापात मोजावी लागली, आणि तरी दोन्ही रेणू पूर्ण सैल! खोबण नाही, ठरलेली जागा नाही, फक्त विरुद्ध भारांचं सर्वदूर पसरलेलं आकर्षण. आरशातल्या प्रतिमेसारखं उलट्या अमिनो आम्लांचं प्रोथायमोसिन बनवलं तेव्हा तेही एच१ ला तसंच धरतं, असं २०२४ मध्ये दिसलं. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. इथे मोज्याला आकारच नव्हता.

सोडण्याची रीत

पिकोमोलर पकड म्हणजे जुन्या हिशेबानं जोडी फार काळ न सुटणारी. पेशीत असं झालं तर एच१ कायमचं अडकून पडेल. प्रत्यक्षात आजूबाजूला आणखी प्रोथायमोसिन असलं की जोडीदारांची अदलाबदल झपाट्यानं होते. सैल जोडीत तिसऱ्याला शिरायला जागा असते. तो एका टोकानं आत येतो, काही काळ तिघं एकत्र राहतात आणि मग कोणी तरी एक बाहेर पडतो. कुलूप-किल्लीत हे शक्य नाही; पहिली किल्ली काढल्याशिवाय दुसरी जात नाही.

याच मुद्द्याचं अधिक धारदार रूप २०१७ मध्ये रेबेका बर्लो, डायसन आणि राइट यांनी दाखवलं. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत हिफ-१ अल्फा जागं होतं. पेशी ऑक्सिजन ओळखते कसा या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. हिफचा सैल पट्टा सीबीपीच्या टॅझ१ भागाला धरतो आणि तातडीची जनुकं चालू होतात. त्यांतलंच एक जनुक सिटेड२ हे दुसरं सैल प्रथिन बनवतं, आणि ते टॅझ१ वरची साधारण तीच जागा मागतं. टॅझ१ ला दोघंही सारख्याच ताकदीनं धरतात. म्हणजे दोघांना सारख्या प्रमाणात सोडलं तर जागा निम्मी-निम्मी वाटली जायला हवी. प्रत्यक्षात सिटेड२ हिफला जवळजवळ पूर्ण हुसकावतं, आणि हिफला सिटेड२ ला तसं हुसकावता येत नाही. सिटेड२ आधी टॅझ१ च्या मोकळ्या भागावर पाय रोवतं, हिफ अजून बसलेलंच असतं, आणि मग दोघांच्याही साखळीत असलेल्या सारख्या तुकड्याच्या जागेवरून हिफला सरकवतं. तातडीचं काम संपवण्याची व्यवस्था त्या तातडीच्या कामातूनच उभी राहते, आणि ती चालते सैलपणावर.

औषधाच्या वाटेवर

जी प्रथिनं इतकी मोक्याच्या जागी आहेत त्यांचं बिघडणंही तितकंच जड जातं. पार्किन्सन आजारात मेंदूत साठणारं अल्फा-सिन्यूक्लिन १४० अमिनो आम्लांचं सैल प्रथिन आहे. पेशीच्या पटलाला धरताना ते मळसूत्र होतं. आजारात त्याचे घट्ट तंतू होतात. या तंतूंची सुरुवात द्रवाच्या थेंबांसारख्या दाट गोळ्यांतून होऊ शकते, हे मुंबईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं.

औषधासाठी खोबण लागते आणि सैल प्रथिनाला खोबण नसते, म्हणून ही लक्ष्यं असाध्य मानली जात. पहिली वाट जोडीदाराकडून निघाली. २००४ मध्ये जाहीर झालेले नटलिन हे छोटे रेणू एमडीएम२ च्या खोबणीत पी५३ च्या त्या तीन अमिनो आम्लांची जागा घेतात. वेनेटोक्लॅक्स हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध बीसीएल-२ या प्रथिनाच्या खोबणीत बसतं, जिथे एरवी प्यूमासारख्या सैल प्रथिनांचा पट्टा मळसूत्र होऊन बसतो. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सैल साखळी जोडीदाराला कशी धरते हे रेणूच्या पातळीवर कळल्याचं फळ आज रुग्णांना मिळतं आहे.

सैल प्रथिनालाच धरणं ही अवघड वाट. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीनं घडीच्या प्रथिनांचे आराखडे बांधण्यात क्रांती केली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाकडे गेला. पण सैल पट्ट्यांच्या जागी त्याच्या चित्रात भरवसा नसलेल्या लांब रिबिनी येतात. सैल प्रथिनाला एक चित्र पुरत नाही, आकारांचा अख्खा समूह आणि प्रत्येकाचं प्रमाण द्यावं लागतं. त्याच नोबेलचे एक मानकरी डेव्हिड बेकर यांच्या गटानं २०२५ मध्ये सैल पट्ट्यांना नेमकं धरणारी नवी प्रथिनं संगणकावर रचून दाखवली. वाट उघडली आहे. पुढचं मोठं काम जिवंत पेशीच्या गर्दीत या भेटी मोजण्याचं आहे, कारण परीक्षानळीतलं मीठ आणि पेशीतली दाटी यांनी भारांवर चालणारी पकड पार बदलते.

आता पुन्हा दुधाकडे. तासभर उकळूनही केसिननं कॅल्शियम सोडलं नव्हतं. तेच दूध कोमट करून त्यात चमचाभर विरजण घाला आणि रात्रभर ठेवा. जिवाणू आम्ल तयार करतात, कॅल्शियम फॉस्फेटचे कण विरघळतात, केसिनवरचा भार उतरतो आणि साखळ्या एकमेकींना धरतात. सकाळी दही लागलेलं असतं. आगीला न जुमानणारी पकड चमचाभर विरजणापुढे सुटते, आणि वासराच्या आंबट पोटातही ती सुटायलाच हवी असते. कुठे धरायचं आणि कशानं सोडायचं, हे दोन्ही त्या सैल साखळीच्या क्रमात लिहिलेलं आहे.